सिकलसेल, हायड्रॉक्सीयुरियाची मात्रा आणि तुलनांचं जाळं : प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२५, जळगाव

शहाद्याच्या डॉक्टर मॅडमचा आज पुन्हा फोन. दिवाळी उरकली, सातपुड्यातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे निघाली, आणि त्यांच्याबरोबर एसएस पॅटर्नची, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, पोरंही निघाली. प्रश्न तोच, दुखण्याचे झटके कमी करणाऱ्या औषधाच्या मात्रेचा, जो त्या पावसाळ्यापासून विचारताहेत: "सर, हायड्रॉक्सीयुरिया द्यायचं हे नक्की. पण किलोमागे दहा मिलिग्रॅमवर ठेवू, वीसवर ठेवू, की रक्त तपासत तपासत सोसेल तिथपर्यंत वाढवत नेऊ? वाढवायचं तर सारखी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लागते. उसाच्या फडावर ती कोण करणार?"

तिन्ही पद्धती एकाच चाचणीत शेजारी शेजारी ठेवून बघितल्या आहेत का? आमच्या प्राथमिक शोधात तशी एकही चाचणी नाही. जोडीजोडीच्या तुलना मात्र आहेत. कोणी दहाची प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या सारख्याच दिसणाऱ्या गोळीशी केली, कोणी वीसची प्लासिबोशी, कोणी वीसची वाढत्या मात्रेशी. या सुट्या तुलना एकत्र बांधून तिघांबद्दल बोलायची जी रीत आहे तिला नेटवर्क मेटा-ॲनालिसिस म्हणतात. आम्ही वर्गात ती शिकवतो. आता ती नंदुरबार जिल्ह्यातल्या खऱ्या प्रश्नाला लावायची. एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी प्रकल्प म्हणून सोबत येते आहे. तिचं माहेर तळोद्याचं, तिला हा आजार पुस्तकातून कळलेला नाही.

१४ नोव्हेंबर

पहिला आराखडा मोठा होता: सिकलसेलवरची सगळीच औषधं एका जाळ्यात घ्यायची. हायड्रॉक्सीयुरिया, एल-ग्लुटामाइन, क्रिझानलिझुमॅब, व्हॉक्सेलोटॉर. दिवसभर चर्चा करून तो बाजूला ठेवला. कारणं लिहून ठेवतो, पुढे कोणी विचारेलच.

एक, ही सगळी औषधं फक्त प्लासिबोशी लढली आहेत, एकमेकांशी नाहीत. जाळ्याचा आकार चांदणीसारखा होतो: मध्ये प्लासिबो, बाहेर एकेक औषध. अशा जाळ्यात बंद फेरी, म्हणजे त्याच दोन औषधांपर्यंत जायची दुसरी वाट, कुठेच नसते, त्यामुळे अप्रत्यक्ष उत्तर बरोबर की चूक हे ताडून बघायला काही हातात राहत नाही.

दोन, प्लासिबो नावाला एकच. १९९५ च्या हायड्रॉक्सीयुरियाच्या चाचणीत प्लासिबो म्हणजे खरोखर काही नाही. नव्या औषधांच्या चाचण्यांत मात्र बहुतेक रुग्ण आधीपासून हायड्रॉक्सीयुरियावर होते. क्रिझानलिझुमॅबच्या २०१७ च्या १९८ जणांच्या चाचणीत सुमारे ६२ टक्के. तिथे प्लासिबो म्हणजे 'हायड्रॉक्सीयुरिया आणि वर प्लासिबो'. हे दोन गट एकाच ठिपक्यात कोंबले तर पुढचं सगळं गणित त्या ठिपक्यापाशीच नासतं.

तीन, मोजलेली गोष्ट वेगळी. व्हॉक्सेलोटॉरच्या २७४ रुग्णांच्या चाचणीचा मुख्य परिणाम हिमोग्लोबिन एक ग्रॅमहून जास्त वाढलं का, हा होता: मोठ्या मात्रेत ५१ टक्के, प्लासिबोत ७ टक्के. हिमोग्लोबिन वाढलं म्हणजे पोराचं दुखणं थांबलं असं नाही. ते औषध सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने जगभरातून मागे घेतलं. क्रिझानलिझुमॅबची पुढची मोठी चाचणी प्लासिबोपेक्षा सरस ठरली नाही आणि युरोपात २०२३ साली त्याची परवानगी रद्द झाली. शहाद्याच्या औषधकोठीत यातलं काहीच नाही. तिथे आहे ते हायड्रॉक्सीयुरिया, म्हणून प्रश्न मात्रेचाच.

१९ नोव्हेंबर

यादी पक्की होत आली. विद्यार्थिनीने फळ्यावर चार ठिपके काढले: प्लासिबो, दहा स्थिर, वीस स्थिर, वाढती. मग एकेक चाचणी वाचत रेघा ओढल्या.

प्लासिबो आणि वाढती: एमएसएच, अमेरिका आणि कॅनडा, २९९ प्रौढ, आदल्या वर्षात किमान तीनदा दुखण्याचा झटका आलेले. पंधरापासून सुरुवात, दर बारा आठवड्यांनी पाचने वाढ, जास्तीत जास्त पस्तीस. फायदा स्पष्ट दिसला म्हणून जानेवारी १९९५ मध्ये वेळेआधी थांबवली.

प्लासिबो आणि वीस: बेबी हग, अमेरिका, २०११, नऊ ते अठरा महिन्यांची १९३ बाळं, आजार सौम्य की तीव्र हे न बघता घेतलेली. याच रेघेवर युगांडाची नोहार्म, २०१७, २०७ लहान मुलं. तिचा मूळ प्रश्न मलेरियाचा होता.

प्लासिबो आणि दहा: आपल्या नागपूरची चाचणी, २०१२, पाच ते अठरा वयाची ६० मुलं, आणि तीही तीव्र आजाराची.

दहा आणि वीस: स्प्रिंग, नायजेरिया, २०२२, २२० मुलं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला रक्ताचा वेग वाढलेली, म्हणजे पक्षाघाताचा धोका असलेली.

वीस आणि वाढती: नोहार्म-एमटीडी, युगांडा, २०२०, १८७ मुलं.

चार ठिपक्यांत सहा जोड्या होतात. पाचांवर रेघ आली. सहावी जोडी मोकळी राहिली: दहा आणि वाढती. मॅडमचा प्रश्न नेमका तिथेच आहे. ज्या घरची माणसं सहा महिने फडावर असतात त्यांना दहा देऊन निश्चिंत व्हायचं, की तपासण्यांची सगळी यातायात करून वाढवत न्यायचं? आमच्या यादीतल्या एकाही चाचणीने या दोघांना समोरासमोर उभं केलेलं नाही.

आफ्रिकेतल्या चार देशांत झालेला रीच हा मोठा अभ्यास आम्हाला घेता येत नाही. सहाशेवर मुलांना औषध दिलं, उत्तम काम आहे, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. जाळ्याला बांधायला दोरीच नाही.

२१ नोव्हेंबर

आकडे उतरवून घेण्याआधी प्रॉस्पेरोवर, म्हणजे अशा आढाव्यांचे आराखडे आधीच नोंदवायच्या जागी, नोंदणीचा मसुदा तयार केला. मुख्य परिणाम ठरवून टाकला: एका मुलामागे वर्षाला येणारे दुखण्याचे झटके, दोन गटांमधलं दरांचं गुणोत्तर. एकापेक्षा कमी म्हणजे औषधाच्या बाजूने. आता आकडे बघून हे बदलायचं नाही.

२७ नोव्हेंबर

मॅडमना अप्रत्यक्ष तुलना फोनवर समजावली. त्या गणिताला घाबरत नाहीत, फक्त पायऱ्या गाळलेल्या खपत नाहीत.

पायऱ्या अशा. एका चाचणीत 'क' ची प्लासिबोशी तुलना, दुसरीत 'ख' ची प्लासिबोशी. मोह असा होतो की पहिलीतला 'क' चा गट उचलावा, दुसरीतला 'ख' चा गट उचलावा आणि शेजारी ठेवावा. हे करायचं नाही. तसं केलं की चिठ्ठ्या टाकून केलेली वाटणी वाया जाते, कारण दोन्ही गट वेगवेगळ्या गावच्या वेगवेगळ्या रुग्णांचे. प्रत्येक चाचणीच्या आतला फरक आधी काढायचा आणि मग त्या फरकांचा फरक घ्यायचा. गुणोत्तरं असतील तर लॉग घेऊन वजाबाकी. १९९७ साली बुशर आणि सहकाऱ्यांनी ही रीत मांडली, २००२ मध्ये लमली आणि २००४ मध्ये लू व एड्स यांनी ती पूर्ण जाळ्यापर्यंत नेली.

"मग खोट कुठे आहे?" मॅडमनी विचारलं. खोट अनिश्चिततेत आहे. फरकांची वजाबाकी होते, पण व्हेरिअन्सची, म्हणजे अनिश्चिततेच्या मापाची, बेरीज होते. समजा दोन्ही चाचण्यांत लॉग गुणोत्तराची स्टँडर्ड एरर (व्हेरिअन्सचं वर्गमूळ) ०.२ आहे. एकट्या चाचणीचा ९५ टक्के पट्टा, म्हणजे खरा आकडा जिथे असण्याचा संभव तो टप्पा, मधल्या आकड्याच्या वर-खाली १.४८ पट जातो. अप्रत्यक्ष तुलनेची एरर होते ०.२८ आणि पट्टा १.७४ पट. दोन्ही रेघांवर दोन-दोन अशा चार चाचण्या असल्या तर कुठे एका थेट चाचणीइतकी अचूकता येते. थेट चाचणीची किंमत यावरून कळावी.

रुकर यांनी २०१२ मध्ये दाखवलं की हे गणित विजेच्या जाळ्यासारखंच चालतं: व्हेरिअन्स म्हणजे रोध, एकामागे एक जोडले की वाढतो, समांतर जोडले की घटतो. आम्ही वापरतो ते 'आर' मधलं नेटमेटा पॅकेज याच पायावर उभं आहे. मॅडमना ही गोष्ट लगेच पटली.

पण हा सगळा डोलारा एका गृहीतावर आहे. रुग्ण पुरेसे सारखे हवेत: नागपूरच्या चाचणीतली मुलं चुकून बेबी हगमध्ये गेली असती तरी औषधाचा परिणाम साधारण तेवढाच दिसला असता, असं म्हणता यायला हवं. हे आकड्यांतून सिद्ध करता येत नाही. ज्याला रुग्ण माहीत आहेत त्यालाच विचारावं लागतं, म्हणून पुढच्या आठवड्यात शहाद्याला.

५ डिसेंबर, शहादा

जळगावहून तापी मार्गाच्या गाडीने दोंडाईचा, तिथून एसटी. सारंगखेड्याची यात्रा भरलेली, तापीच्या पुलावर गाड्या मुंगीच्या पावलाने. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ओपीडी अर्धी झाली होती.

मॅडमच्या शेजारी बसून बघितलं. धडगावकडची एक आई आली. प्लास्टिकच्या पिशवीतून फाइल काढली, त्यात सिकलसेलचं कार्ड, जुनी सीबीसी, गोळ्यांची पट्टी. पोरगं अठरा किलोचं. कॅप्सूल पाचशे मिलिग्रॅमची. रोज एक दिली तर किलोमागे जवळपास २८ होतात. एक दिवसाआड दिली तर १४. दहाही नाही, वीसही नाही. मॅडम एक दिवसाआड लिहून देतात, कारण सीबीसीशिवाय २८ वर ठेवायची त्यांची तयारी नाही. नोहार्म-एमटीडीत वाढत्या गटाची सरासरी मात्रा २९.५ होती आणि स्थिर गटाची १९.२. म्हणजे 'रोज एक कॅप्सूल' लिहिणारा डॉक्टर नकळत वाढत्या गटाची मात्रा देतोय, आणि त्या गटाला असलेली देखरेख मात्र देत नाही. हा मुद्दा मी वहीत अधोरेखित केला. जाळ्यातले आमचे स्वच्छ ठिपके आणि टेबलावरची कॅप्सूल यांचा मेळ आमच्या लेखात आलाच पाहिजे.

दुपारी औषधपरिणाम कशाकशाने बदलू शकतो याची यादी मॅडमनी केली. वय. आधी किती झटके येत होते. गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, मुळात किती आहे: आपल्याकडच्या अरब-भारतीय प्रकारात ते आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा साधारणपणे जास्त असतं, आणि हायड्रॉक्सीयुरिया काम करतं ते मुख्यतः एचबीएफ वाढवूनच. मलेरिया. थंडी आणि पाणी कमी पडणं, जे फडावर रोजचंच. प्रत्येक चाचणीपुढे यातलं काय माहीत आहे ते भरायचा तक्ता आम्ही तिथेच आखला. बरेच रकाने रिकामे राहिले, आणि रिकामा रकाना हीसुद्धा नोंद आहे.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झाली, सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं लक्ष्य. तपासणीमुळे नवी मुलं सापडताहेत, हे मॅडम रजिस्टर उलटून दाखवत होत्या. सापडलेल्या मुलाला किती औषध द्यायचं हा प्रश्न त्यामुळे दरवर्षी मोठा होत जाणार.

१० डिसेंबर

आकडे उतरवण्याचं काम. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मध्यकांनी (मध्यक म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा). एमएसएच दरवर्षीच्या झटक्यांचे मध्यक देते: २.५ आणि ४.५. बेबी हग एकूण घटना देते: औषधगटात ६२ बाळांत १७७ दुखण्याच्या घटना, प्लासिबोत ७५ बाळांत ३७५. नागपूर सरासरी देतं. तीन वेगळ्या भाषा. झटक्यांची विभागणी एका बाजूला लांब शेपटीची असते, थोड्या मुलांना फार झटके येतात, म्हणून मध्यकांचं गुणोत्तर आणि सरासरींचं गुणोत्तर सारखं धरता येत नाही.

बेबी हगचं सोपं गणित विद्यार्थिनीने करून दाखवलं. ९६ बाळं एका गटात, ९७ दुसऱ्यात, पाठपुरावा सारखा धरला तर दरांचं गुणोत्तर ०.४८. घटना एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या तर पट्टा ०.४० ते ०.५७ येतो. पण त्या स्वतंत्र नाहीत. त्याच बाळाला पुन्हा पुन्हा दुखतं; १७७ घटना ६२ बाळांत साचल्या आहेत. विखुरणं (व्हेरिअन्स) चौपट धरलं तर पट्टा ०.३३ ते ०.६८ होतो. ही चौपट फक्त अंदाजासाठी धरली आहे, खरी किती ते चाचणीच्या कच्च्या नोंदींवरूनच कळेल. अरुंद पट्टा घेतला तर जाळ्यात या रेघेला तिच्या लायकीपेक्षा जास्त वजन मिळतं आणि ती बाकीच्यांना ओढून नेते.

१६ डिसेंबर

आजचा दिवस महत्त्वाचा, सविस्तर लिहितो.

पाच रेघा आणि चार ठिपके, म्हणजे दोन स्वतंत्र फेऱ्या बंद होतात. फेरी बंद झाली की एकाच प्रश्नाची दोन उत्तरं मिळतात, एक थेट आणि एक वळसा घालून. ती जुळताहेत का ते बघायचं.

पहिली फेरी: प्लासिबो, वीस, वाढती. बेबी हगवरून प्लासिबोच्या तुलनेत वीसचं गुणोत्तर ०.४८. नोहार्म-एमटीडीत वीसच्या तुलनेत वाढत्या मात्रेचं ०.४३. गुणाकार केला की वळशाने उत्तर येतं साधारण ०.२, म्हणजे वाढत्या मात्रेने झटके पाचांतले चार कमी होतात. थेट उत्तर एमएसएचचं: २.५ भागिले ४.५, ०.५६. म्हणजे निम्म्याच्या आसपास. मध्यकांची अडचण धरूनही ही दरी मोठी आहे.

दुसरी फेरी, प्लासिबो, दहा, वीस, याहून जास्त बोलते. नागपूरच्या चाचणीत औषधगटात वर्षाला सरासरी ०.६ झटके, प्लासिबोत १०.२. गुणोत्तर ०.०६. बेबी हगचं वीसला ०.४८. भागाकार केला तर वळशाचं उत्तर येतं की दहाच्या मात्रेत वीसच्या आठव्या हिश्श्याइतकेच झटके. कमी औषध आठपट चांगलं! थेट तुलना स्प्रिंगची: तिथे पक्षाघाताच्या बाबतीत दहा आणि वीसमध्ये फरक दिसला नाही, आणि दवाखान्यात दाखल व्हायचं प्रमाण वीसच्या गटात कमी होतं. परिणाम वेगळा मोजलेला आहे हे मान्य, पण दिशासुद्धा उलटी आहे.

विद्यार्थिनीने विचारलं, "सर, यातली चुकीची चाचणी कुठली?" चुकीची एकही असायची गरज नाही. प्लासिबो गटांकडे बघितलं की उलगडा व्हायला लागतो. नागपूरच्या मुलांना औषधाशिवाय वर्षाला दहा झटके. एमएसएचच्या प्रौढांत मध्यक साडेचार. बेबी हगच्या बाळांत हिशेब केला तर वर्षाला दोनच्या आत. इतक्या वेगळ्या मुलांवर औषधाचं गुणोत्तर सारखंच येईल असं मानायला आधार नाही. दहा झटके येणाऱ्या, मुळातच एचबीएफ वाढायला अनुकूल असलेल्या मुलांमध्ये छोटी मात्राही मोठा फरक करत असेल. बाळाला झटके मुळातच कमी, तिथे उतरायला जागा कमी. शिवाय ६० मुलांची छोटी चाचणी असली की परिणाम फुगून दिसण्याची शक्यता जास्त असते. वेळेआधी थांबवलेल्या चाचण्यांनाही तेच लागू, आणि एमएसएच व नोहार्म-एमटीडी दोन्ही फायदा दिसल्यावर थांबवल्या गेल्या.

संख्याशास्त्राच्या भाषेत याला विसंगती म्हणतात आणि ती तपासायला नोड-स्प्लिटिंगची, म्हणजे थेट आणि वळशाचा पुरावा वेगळा काढून ताडून बघायची, रीत आहे. आमच्या जाळ्यात मात्र तिची ताकद तोकडी पडते. बहुतेक रेघांवर एकेकच चाचणी असल्यामुळे चाचणी-चाचणीतला फरक आणि थेट-अप्रत्यक्षातला फरक वेगळे काढता येत नाहीत. पी-मूल्य मोठं आलं तरी 'विसंगती नाही' असं लिहायचं नाही, हे आजच ठरवलं.

२२ डिसेंबर

क्रमवारीचा प्रश्न. सॉफ्टवेअर एका ओळीत सुक्रा काढून देतं: प्रत्येक उपचाराला शून्य ते एक गुण, जास्त गुण म्हणजे वरचा नंबर. सालांती आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे माप दिलं, आणि तेव्हापासून बहुतेक लेखांत सगळ्यात आधी डोळा तिकडेच जातो.

नुसत्या नागपूर आणि बेबी हगवर चालवलं तर दहाची मात्रा पहिली येते, जवळपास पूर्ण गुणांनी. असा तक्ता छापला आणि कोणी फोटो काढून पुढे पाठवला, तर उद्या तालुक्यातला एखादा डॉक्टर वीसवर छान चाललेल्या मुलाची मात्रा दहावर आणेल. सुक्राला पट्टा किती रुंद आहे हे कळत नाही, रुग्ण सारखे होते का हे कळत नाही, सीबीसी करायला कोणी आहे का हे तर अजिबात कळत नाही. आमच्या लेखात क्रमवारी येणार नाही. विद्यार्थिनीच्या मार्गदर्शक समितीतून यावर आक्षेप आला, 'मग निष्कर्ष काय?' म्हणून. मी लेखी उत्तर दिलं आहे आणि त्यावर ठाम आहे.

क्रमवारी नेहमीच टाकाऊ असते असं माझं म्हणणं नाही. २०१८ मध्ये चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या २१ औषधांचं जाळं बांधलं, ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण. तिथे औषधं एकमेकांशीही पुष्कळदा लढलेली, एकेका रेघेवर अनेक चाचण्या. तिथेसुद्धा बऱ्याच औषधांचे पट्टे एकमेकांवर चढलेलेच होते. आमच्याकडे पाच रेघा.

३ जानेवारी २०२६

चाचण्यांमधला खरा फरक, टाऊ, आमच्या आकड्यांतून काढणं अशक्य आहे. बेझियन रीतीने बाहेरून पूर्वअंदाज घेतला: टर्नर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या हजारो मेटा-ॲनालिसिसवरून कुठल्या प्रकारच्या परिणामात साधारण किती फरक असतो ते काढून ठेवलं आहे. तो वापरला की पट्टे रुंदावतात. रुंदावलेलेच छापायचे.

फनेल प्लॉट, म्हणजे छोट्या चाचण्या एकाच बाजूला झुकल्यात का ते दाखवणारी आकृती, काढणार नाही. दहाच्या आत चाचण्या असताना तो बघून काही सांगणं म्हणजे ढगांत आकार शोधणं.

मात्रा हा ठिपका न मानता सलग मोजपट्टी मानायची, असंही एक मॉडेल आहे. शहाद्याचं ते १४ मिलिग्रॅम त्यात नीट बसतं. पूरक विश्लेषण म्हणून ठेवतो आहे.

९ जानेवारी, धुळे

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर तासभर बोललो. कार्ल पिअर्सनने १९०४ साली विषमज्वराच्या लशीची सैनिकांवरची आकडेवारी एकत्र केली, त्यात भारतातल्या पलटणीही होत्या, इथून सुरुवात केली. तेव्हाही त्याला वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे जुळेनात, आणि त्याने ते तसं स्पष्ट लिहिलं होतं.

शेवटी मागच्या बाकावरून शिरपूरकडचा एक जण उभा राहिला: "सर, ते समदं बरोबर, पन चांगलं कोनतं शे ते सांगा ना!" सभागृह हसलं, पण मला त्याचा प्रश्न रास्त वाटला. उद्या ओपीडीत त्यालाच बसायचं आहे. मी जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. प्लासिबोपेक्षा औषध चांगलं, कुठलीही मात्रा असो, याबद्दल जाळ्यातल्या सगळ्या रेघा एका दिशेने बोलतात. तपासणी नियमित होत असेल तर वीसपेक्षा वाढती चांगली, हे एका चांगल्या थेट चाचणीवरून म्हणता येतं, पण ती मुलं युगांडाची आहेत. दहा की वाढती, याला आज विश्वासाने उत्तर नाही. त्यासाठी चाचणी हवी, आणि ती आपल्या मुलांवर, आपल्या जिल्ह्यात व्हायला हवी. सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. अशी चाचणी कुठे सुरू आहे का हे तिथे शोधायचं काम मी त्यालाच दिलं. त्याने नंबर घेतला.

१७ जानेवारी

मॅडमना तक्ता पाठवला. एका ओळीत एक जोडी. थेट पुरावा काय, वळशाचा काय, दोघांचं जुळतं का, रुग्ण आपल्या मुलांसारखे आहेत का, आणि एकूण भरवसा किती. दहा विरुद्ध वाढती या ओळीत थेट पुराव्याचा रकाना कोरा ठेवून आकृतीत ती रेघ तुटक काढली आहे. कॅप्सूलचा हिशेब वजनानुसार खाली दिला आहे: पाचशेची एक कॅप्सूल रोज, एक दिवसाआड, आठवड्यातून पाच दिवस, यातून किलोमागे किती पडतात.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. तक्ता पटला, पण एक रकाना वाढवून हवा: प्रत्येक चाचणीत एका रुग्णाच्या किती सीबीसी झाल्या. एमएसएचमध्ये दर दोन आठवड्यांनी रक्त बघत होते. एवढी देखरेख असताना मिळालेला फायदा देखरेखीशिवाय मिळेल असं धरता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. मला तो रुग्णांच्या सारखेपणाइतकाच महत्त्वाचा वाटतो आणि आमच्या मूळ यादीत त्याला स्वतंत्र जागा द्यायला हवी. प्रॉस्पेरोवरची नोंद कारणासह दुरुस्त करायची, तारीख घालून.

उद्यापासून विद्यार्थिनी सहाही चाचण्यांच्या प्रोटोकॉलमधून तपासण्यांचं वेळापत्रक काढते आहे. मी नागपूरच्या आणि नोहार्म-एमटीडीच्या लेखकांना मुलामुलागणिक आकडे मागणारं पत्र लिहायला घेतलं आहे. वय आणि सुरुवातीचे झटके धरून तुलना करता आली तर दुसऱ्या फेरीतल्या दरीचा किती भाग भरतो ते कळेल. फडावरची कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये परततील. तोवर सीबीसीच्या नोंदींचं नवं रजिस्टर शहाद्याला पोहोचवायचं आहे.